मोबाइलमधला स्कोर वाढतोय, पण चुलीवरची पेज अजून उतू जाते : आजारानंतर मेंदूचा सराव कसा करायचा?

किनाऱ्यावरची | ९ जून, रात्री १०.२०

नमस्कार. पंधरा दिवस लिहायचं मनात होतं. आज पाऊस धरलाय, वीज आहे आणि हे झोपलेत, म्हणून बसले.

आमचे हे तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, खलाशांचे म्होरके. मालवणच्या अलीकडे किनाऱ्याला आमचं घर. वय ५४. गेल्या दिवाळीनंतर एका पहाटे होडीवरून आले ते पायरीवर बसूनच राहिले. दमले असतील, पित्त झालं असेल, म्हणून मी कोकम सरबत करून दिलं. त्यात दीड तास गेला. मग गाडी शोधली, मग स्कॅनची सोय असलेलं गाव गाठलं. मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात गुठळी निघाली, म्हणजे पक्षाघाताचा झटका. ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे तिथे कळलं. आमची वेळ टळून गेली होती. त्यावर माझं रडून झालंय, ते आता बाजूला ठेवते.

फिजिओथेरपीने हातपाय पुष्कळ सुधारले. बोलणं स्वच्छ आहे. वाटेवर भेटणारा म्हणतो, "तांडेल बरे झाले हो!" घरातलं चित्र वेगळं आहे. ताटात डावीकडे वाढलेली सुक्या जवळ्याची चटणी तशीच राहते आणि वर मला विचारतात, "चटणी नाय केलंस?" दाढी करतात ती उजव्या गालाची. डावा खांदा चौकटीला आपटून काळानिळा झालाय. चुलीवर पेज ठेवली की अंगणात जातात आणि विसरतात. दोन माणसं एकाच वेळी बोलली की उठून निघून जातात. हिशेबाची वही उघडतात, मिटतात.

मुलगी पुण्याला नोकरीला. तिने फोनवर मेंदूच्या व्यायामाचं अ‍ॅप घेऊन दिलं, वर्षाचे पैसे भरून. हे रोज अर्धा तास इमानाने करतात. तिसऱ्या पायरीवरून एकतिसाव्या पायरीवर गेले. मुलीला त्याचे फोटो पाठवतात. पण पेज अजून उतू जाते.

आता शहरातल्या एका क्लासवाल्यांचा फोन आलाय. अठरा हजारांत तीन महिने, मेंदू पूर्ववत होईल म्हणतात. घरची चार हापूसची कलमं आहेत, त्यांचे पैसे आलेत. भरू का?

आणि दुसरी काळजी. १ जूनला मासेमारी बंदी लागली. हे रोज म्हणतात, "बंदी उठली काय मी जातलंय." मी काय सांगू?

---

देवगडचा | ९ जून, रात्री ११.०५

ताई, "पूर्ववत होईल" अशी हमी देतात ना, तिथेच थांबा. कुठलाही शहाणा डॉक्टर तशी हमी देत नाही. अठरा हजार घरात ठेवा, जाणकार लोक उत्तर देतीलच.

---

फळा आणि खडू | १० जून, सकाळी ६.४०

तुमचं वाचून झोप लागली नाही. माझा आजार वेगळा, पण घरातलं ते "दिसायला बरी, आतून नाही" हे मला पुरतं ठाऊक आहे.

मी प्राथमिक शिक्षिका, वेंगुर्ले तालुक्यात. स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी झाली. शाळेत परत आले तेव्हा बावीस वर्षं शिकवलेलं होतं, तरी वर्गातल्या मुलांची नावं ओठावर येईनात. गुण भरताना ओळ चुकायची. फळ्याकडे वळले की कशासाठी वळले ते विसरायची. डॉक्टरांनी सांगितलं की याला केमो ब्रेन म्हणतात, पुष्कळ जणींना होतं, हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. ते वाक्य ऐकून मी गाडीत बसून रडले. तोवर मला वाटत होतं की मला वेड लागतंय.

पण त्यांनी लगेच कुठलाही व्यायाम सांगितला नाही. आधी रक्त तपासलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ जीवनसत्त्व. मी शाकाहारी, माझं बी-१२ खूपच कमी निघालं. झोपेचं विचारलं, गरम वाफा येतात का, रात्री किती वेळा उठता. बी-१२ची इंजेक्शनं आणि झोप यांनीच निम्मं धुकं विरलं. म्हणून सगळ्यांना हात जोडून सांगते, आजार कुठलाही असो, मेंदूच्या सरावाआधी या साध्या तपासण्या करून घ्या. ज्याचं रक्तच कमी पडतंय त्याला कोडी सोडवायला बसवणं हा अन्याय आहे.

उरलेलं निम्मं धुकं वर्षभरात हळूहळू गेलं. रोज संध्याकाळी वाळूवरून पाऊण तास चालायचे, सुरुवातीला दहा मिनिटंही जमत नव्हती. एका वेळी एकच काम. गुण भरताना ओळीखाली पट्टी धरायची. आणि मुख्याध्यापकांना खरं सांगून पहिले दोन तास अवघड विषय, दुपारी सोपे, असं वेळापत्रक बदलून घेतलं. हे सांगायला मला चार महिने लागले.

---

भातलावणी | १० जून, सकाळी ९.१५

थोडं वेगळं मत. दोन वर्षांपूर्वी लावणीच्या दिवसांत मला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) झाला. अकरा दिवस अतिदक्षता विभागात, त्यातले पाच व्हेंटिलेटरवर. घरी आल्यावर मी पेपरचा एक परिच्छेद वाचू शकत नव्हतो, दुसऱ्या ओळीला पहिली विसरायची. तेव्हा मी असंच अ‍ॅप रोज केलं. पहिल्यांदा तीन मिनिटं, मग दहा, मग वीस. माझं लक्ष टिकायला लागलं ते त्यामुळेच असं मला वाटतं. त्यामुळे सरसकट वाईट म्हणू नये.

---

पोफळीची सावली | १० जून, रात्री ९.५०

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी. माहेर दापोलीकडचं, नोकरी मुंबईत, मेंदूच्या आजारांनंतरच्या रुग्णांबरोबर वीस वर्षं. मोठं लिहिते आहे, कारण अशा घरांना हे कुणी बसवून सांगत नाही.

किनाऱ्यावरची ताई, आधी डाव्या बाजूचं. तुमच्या यजमानांना डावीकडचं दिसत नाही असं बहुधा नसावं, तिकडे लक्षच जात नसावं. मेंदूच्या उजव्या भागात झटका आला की हे वरचेवर होतं. त्यांच्यासाठी जगाची डावी बाजू जणू उरलेलीच नसते, म्हणून चटणी दिलीच नाही असं ते मनापासून म्हणतात. हट्ट नाही तो. काही जणांना सोबत खरोखर अर्धी दृष्टीही गेलेली असते, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टीचं क्षेत्र तपासून घ्या. दोन्हींचा सराव पुष्कळसा सारखा असला तरी नेमकं काय ते कळायला हवं.

सराव असा. ताटाच्या डाव्या काठाला लाल चिकटपट्टी लावा. जेवायला सुरुवात करण्याआधी बोट फिरवत त्या लाल पट्टीपर्यंत न्यायचं, मग घास. पेपर वाचताना डाव्या समासात लाल रेघ, प्रत्येक ओळ तिथून. दाराच्या डाव्या चौकटीला लाल दोरा बांधा. तुम्ही गप्पा मारायला त्यांच्या डाव्या हाताला बसा. फक्त गोळ्या, पाणी, काठी, घंटी अशा जीवाच्या गोष्टी सध्या उजवीकडे ठेवा. नजर डावीकडे नेण्याची ही सवय लावता येते, पण त्याला महिने लागतात.

आता अ‍ॅप. भातलावणी दादांचं म्हणणं मी खोडून काढत नाही. पक्षाघातानंतर लक्षाच्या सरावाचा उपयोग दिसतो, पण तो मुख्यतः सराव संपल्यासंपल्या घेतलेल्या चाचणीत. तो पुढे टिकतो आणि रोजच्या कामात उतरतो, याचे पुरावे फारच कमी आहेत. अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, ६५ वर्षांपुढच्या २,८३२ निरोगी माणसांवर. काहींना स्मरणशक्तीचा सराव दिला, काहींना तर्काचा, काहींना झटकन बघून ओळखण्याचा. ज्याला जे शिकवलं त्यात तो सुधारला, तर्क आणि वेगाचा फायदा दहा वर्षांनीही थोडा शिल्लक होता. पण स्मरणशक्तीच्या सरावाने तर्क सुधारला नाही आणि तर्काच्या सरावाने स्मरणशक्ती. २०१० साली ब्रिटनमध्ये ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर असे खेळ खेळले. खेळात सगळे सुधारले, न खेळलेल्या कामात काहीच फरक नाही. सुपारी फोडण्यात हात बसला म्हणून जाळं विणता येत नाही, तसंच हे.

२०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ल्युमॉसिटी या प्रसिद्ध अ‍ॅपच्या कंपनीकडून फसव्या जाहिरातींसाठी वीस लाख डॉलर वसूल केले. विस्मरण टळेल, पक्षाघाताच्या आणि केमोच्या रुग्णांना फायदा होईल असे दावे जाहिरातींत होते, त्यांना पुरेसा आधार नव्हता. अठरा हजारांच्या क्लासबद्दल माझं उत्तर यात आलं.

म्हणजे अ‍ॅप फेकून द्या असं नाही. त्यांना आवडतंय, मुलीशी बोलायला विषय मिळतोय, तर पंधरा-वीस मिनिटं चालू दे. फक्त उपचार तो नव्हे.

मग उपचार कुठला? जिथे अडतंय तेच काम, त्याच जागी, त्याच भांड्यांत, त्याच क्रमाने, रोज. पेज उतू जातेय ना, मग सराव पेजेचाच. आधी त्यांना विचारा, सगळ्यात जास्त काय जमत नाही याचं त्यांना वाईट वाटतं? तुम्हाला नाही, त्यांना. तिथून सुरू करू. आणि अ‍ॅपचा आकडा सोडून द्या, दिनदर्शिकेवर आठवड्यात किती वेळा पेज उतू गेली ते लिहा. तो खरा स्कोर.

---

किनाऱ्यावरची | ११ जून, रात्री १०.३०

ताई, तुम्ही लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. चटणीचं आलं तेव्हा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे तू खराच वाढतं होतंस." सहा महिने आम्ही दोघं एकमेकांना खोटं समजत होतो.

काय जमत नाही याचं वाईट वाटतं असं विचारलं. मला वाटलं होडी म्हणतील. म्हणाले, "सकाळची चा." लग्नापासून समुद्रावर जायच्या आधी स्वतःचा चहा स्वतः करून पिणारा माणूस. आता मी गॅसच्या शेगडीला हात लावू देत नाही, ते लागलंय मनाला.

एक शंका. सगळं लिहून भिंतीला लावलं, घड्याळाची शिट्टी लावली, तर मेंदू आळशी नाही का होणार? माझी जाऊ म्हणते आठवायला लावा, तरच आठवेल. ती रोज विचारते, काल रात्री काय जेवलात सांगा बघू.

---

पोफळीची सावली | १२ जून, दुपारी २.१०

तुमच्या जाऊबाईंचा हेतू चांगला आहे, पण हा प्रश्न कृपा करून बंद करा.

निरोगी माणूस चुकला की चुकलं हे लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी ते टाळतो. स्मरणशक्तीला इजा झालेल्या माणसाला चुकल्याची आठवण राहत नाही, पण तोंडून निघालेलं चुकीचं उत्तर मात्र आत रुजतं. तो पुढच्या वेळी तीच चूक नेमाने करतो. बॅडली आणि विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली हे नीट दाखवून दिलं, तेव्हापासून आम्ही स्मरणशक्ती फार गेलेल्यांना चुकू न देता शिकवतो. अंदाज करायला लावायचं नाही. उत्तर आधीच हातात द्यायचं, मग हळूहळू आधार काढायचा.

गोळ्यांचा डबा कुठे, हे शिकवायचंय समजा. "गोळ्या देव्हाऱ्याच्या फळीवर" असं सांगा आणि लगेच विचारा. बरोबर आलं की एका मिनिटाने, मग दोन, चार, आठ मिनिटांनी. मध्ये सोप्यावर बसून दुसऱ्या गप्पा. अडखळले की ताबडतोब उत्तर सांगा आणि आधीच्या अंतरावर परत या. रागावू नका, "आठवा, आठवा" म्हणू नका.

लिहून लावल्याने मेंदू आळसावत नाही. तांडेल दीपगृह बघून होडी आणतो, म्हणून तो कमी तांडेल होतो का? इंग्लंडमध्ये मेंदूला इजा झालेल्या लोकांना ठरल्या वेळी पेजरवर (संदेश दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर) आठवण पाठवायचे. २००१ साली त्याचा निष्कर्ष आला. बहुतेकांची रोजची कामं वेळेवर होऊ लागली आणि काहींची पेजर काढून घेतल्यावरही होत राहिली, कारण तोवर सवय लागली होती.

चहासाठी पायऱ्यांचा कागद करा, पण शब्द त्यांचे असू देत. तुम्ही शेजारी उभ्या राहा, पहिले काही दिवस चुकायच्या आधीच हात धरा. शेगडीजवळ वाजणारं घड्याळ हवंच.

---

वाडीतला धाकटा | १४ जून, रात्री ११.४०

तुमची गोष्ट वाचून माझ्या बाबांचं लिहावंसं वाटतंय. वय ७९, अल्झायमर. सकाळी नाश्ता केला हे अर्ध्या तासात विसरतात. पण गावचे मानकरी होते, देवळात गाऱ्हाणं (गावाच्या वतीने देवाला साकडं) घालायचा मान आमच्या घराकडे. आजही "बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या..." म्हणून सुरुवात करून दिली की सबंध गाऱ्हाणं एका दमात घालतात, आणि आम्ही "व्हय महाराजा" म्हणत राहतो. त्या पाच मिनिटांत ते आजारी नसतात.

गणपतीत मुंबईहून चाकरमानी येतात. जो तो पुढे येऊन, "काका, मला ओळखलंत?" बाबा कसनुसं हसतात, मग खोलीत जाऊन दार लावतात. गेल्या वर्षी मी सगळ्यांना आधीच फोन करून सांगितलं, की विचारायचं नाही, सांगायचं: "काका, मी अमक्याचा मुलगा, तुम्ही मला पोहायला शिकवलंत." बाबा दारात बसून राहिले, तासभर.

पोफळीताई, अशा माणसांना सरावाचा उपयोग होतो का? की आता फक्त सांभाळायचं?

---

पोफळीची सावली | १५ जून, सकाळी ७.३०

होतो, पण त्याचं रूप वेगळं. सौम्य ते मध्यम विस्मरणाच्या (डिमेन्शियाच्या) रुग्णांसाठी गटाने बसून बोलण्याची एक पद्धत आहे. आठवड्यातून दोनदा, सात आठवडे, एकूण चौदा बैठका. २००३ साली ब्रिटनमध्ये तिची चाचणी झाली, चांगले परिणाम दिसले, तिथल्या सरकारी शिफारशींत ती आहे. आपल्याकडे चेन्नईत तिचं भारतीय रूप तयार झालंय. स्मरणशक्ती परत येते असं नाही, पण बोलणं, लक्ष आणि मुख्य म्हणजे त्या माणसाचे दिवस सुधारतात.

त्यात आठवण तपासत नाहीत, मत विचारतात. समोर वस्तू ठेवायच्या. इरलं, रोवळी, अडाळो (विळी), जातं. "हे काय आहे?" असं विचारू नका. "इरलं चांगलं की आताचा रेनकोट?" असं विचारा. मताला चूक-बरोबर नसतं. मग बघा कशी तोंडं सुटतात ती.

आणि बाबांचे कान तपासलेत का? ऐकू कमी येणं हे विस्मरणाच्या टाळता येण्यासारख्या कारणांपैकी एक मोठं कारण आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली अशी १४ कारणं मोजली. ती सगळी दूर करता आली तर जगातलं जवळपास ४५ टक्के विस्मरण टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज आहे. झालेला आजार कान दुरुस्त करून जात नाही, पण ज्याला अर्धंच ऐकू येतं त्याचा मेंदू शब्द ओळखण्यातच दमतो. मोतीबिंदूचंही तेच.

---

वाडीतली आशाताई | १५ जून, दुपारी ४.००

मी आशा कार्यकर्ती आहे, गावोगाव फिरते. दोन गोष्टी राहून जातायत.

एक, रक्तदाब. झटका एकदा आला की दुसऱ्याचा धोका मोठा, आणि प्रत्येक झटका मेंदूचा आणखी तुकडा नेतो. आमच्याकडे पुरुष बरं वाटलं की गोळी बंद करतात. मेंदूचा सराव एक दिवस चुकला तरी चालेल, बीपीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चुकायला नको. उपकेंद्रात बीपी मोजतात, पैसे लागत नाहीत.

दुसरी, मन. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. विसरतो, चिडतो, कशात रस नाही, हे सगळं नैराश्यानेही होतं आणि त्यावर औषध आहे. किनाऱ्यावरची ताई, यजमानांचं तर विचाराच, पण तुमचं कोण विचारतंय? टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी स्वतः तीन घरांना लावून दिलाय.

आणि ताई, रागावू नका. झटका आला की तोंडाने काही देऊ नये, सरबत तर नाहीच. गिळायचे स्नायू गेलेले असू शकतात, मग ते श्वासनलिकेत जातं. तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं जड, यातलं एक जरी दिसलं तरी थेट १०८. इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते आहे.

---

किनाऱ्यावरची | १६ जून, रात्री ९.००

रागावले नाही. लिहिलंत ते बरं केलंत. १४४१६ला आज लावला. बोलले.

---

किनाऱ्यावरची | ११ जुलै, रात्री १०.१०

महिना झाला, खबर द्यायची राहिली.

दिनदर्शिकेवरचा हिशेब: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सातपैकी पाच दिवस पेज उतू गेली होती. गेल्या आठवड्यात दोन दिवस. चहा कागद बघून करतात, मी दारात उभी राहते. लाल पट्टीपर्यंत बोट न्यायला दहापैकी सहा वेळा सांगावं लागत नाही. पाहुणे आले की मात्र सगळं विसरतं.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्या गोष्टीसाठी. अ‍ॅपमध्ये बेरीज-वजाबाकीचा एक खेळ आहे, त्यात ते अडकतात आणि फोन आपटतात. परवा धाकटा पुतण्या अंगणातून ओरडला, "काका, आज भरती कधी?" हे विचारतात, "तिथी खयची?" तो म्हणाला षष्ठी. हे ताबडतोब म्हणाले, "साडेचार." मी घड्याळाकडे बघत राहिले. तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा अंदाज येतो, सहाची पाऊणपट साडेचार. आमच्या किनाऱ्याला थोडं पुढेमागे होतं, पण समुद्रावरच्या माणसाला तेवढं पुरतं. फोनवर सात अधिक आठ होत नाही आणि पाऊणकी तोंडावर!

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवर पाटी लावली. सकाळी उठून वार, तारीख, तिथी हे दिनदर्शिकेत बघून लिहायचं आणि भरतीची वेळ काढायची. एक दिवस मी लिहून ठेवली तर पुसून टाकली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिली. आता वाडीतली पोरं पाटी बघायला येतात. कालची रेघ पाटीच्या डाव्या काठापासून होती.

---

पोफळीची सावली | १२ जुलै, सकाळी ६.५५

ताई, मी हे माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

चाळीस वर्षं घोटलेलं ज्ञान मेंदूत फार खोल आणि पसरून बसलेलं असतं, एका गुठळीने ते सगळं जात नाही. नवं शिकवायचं ते त्याच खुंटीला टांगावं. वाराचा, तारखेचा पत्ता नसलेल्या माणसाला "आज वार कोणता" हा प्रश्न परीक्षा वाटतो. भरती काढायला तिथी लागते, तिथीसाठी दिनदर्शिका लागते, तिथे वार दिसतोच. हे मला पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

---

फळा आणि खडू | १२ जुलै, सकाळी ८.२०

पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे आम्ही शाळेतून केव्हाच काढून टाकले. आज वाईट वाटलं.

---

जाळीवाला | २४ जुलै, रात्री ८.४५

धागा पहिल्यापासून वाचला. मी स्वतः मच्छीमार, वेंगुर्ल्याकडचा. आठवड्याने बंदी उठेल म्हणून स्पष्ट लिहितो. तांडेल म्हणजे होडीवरच्या प्रत्येक खलाशाचा जीव. ज्याची डावी बाजू सुटते त्याला डावीकडून येणारा ट्रॉलर दिसणार नाही, खडक दिसणार नाही. वहिनी, तुम्हाला आवडणार नाही, पण सुकाणू त्यांच्या हातात देऊ नका. घरचे लोक लाजेने बोलत नाहीत आणि मग समुद्र बोलतो.

---

किनाऱ्यावरची | २४ जुलै, रात्री ९.३०

आवडलं नाही. पण खरं आहे. मला सांगायचा धीर नाही.

---

पोफळीची सावली | २४ जुलै, रात्री १०.१५

जाळीवाला दादांशी मी पूर्ण सहमत. गाडीलाही हेच लागू, दुचाकीसुद्धा नको. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय नाही, आणि ती देण्याआधी डाव्या बाजूची तपासणी झालेली हवी. तुम्ही एकटीने सांगू नका. डॉक्टरांच्या तोंडून, मुलगी सोबत असताना होऊ दे. मुंबईला येणं झालं तर हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत किंवा केईएम, सायन, नायर या रुग्णालयांच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात दाखवता येईल.

आणि "होडीवर नाही" एवढंच सांगून थांबू नका. किनाऱ्यावर त्यांच्या तोलाचं काम काय आहे ते आधी शोधा, मग सांगा.

---

जाळीवाला | २५ जुलै, सकाळी ५.५०

काम आहे की. मासळीचे क्रेट मोजून वहीत मांडणारा खात्रीचा माणूस कुठल्या होडीला नको असतो? जाळी सांधायलाही बसू शकतील. डावा हात कितपत चालतो?

---

किनाऱ्यावरची | १९ ऑगस्ट, रात्री ९.४०

डॉक्टरांनी सांगितलं. मुलगी रजा काढून आली होती. दोन दिवस जेवले नाहीत, माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच चुलतभावाला बोलावलं आणि म्हणाले, "तू घे होडी. हिशेब माझो."

नारळी पौर्णिमेला नारळ यांनीच सोडला. होडी गेली तेव्हा पुळणीवर उभे होते, मी जवळ गेले नाही.

आता रोज धक्क्यावर असतात. डावा हात जाळ्याची सुई धरण्याइतका चालत नाही, ते काम जमलं नाही, सोडून दिलं. क्रेट मोजायला लागले. पहिल्या दिवशी एकेचाळीस लिहिले, होते चव्वेचाळीस. डाव्या टोकाचे तीन सुटले. व्यापाऱ्यासमोर भाऊ काही बोलला नाही, नंतर बाजूला घेऊन दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून यांनी स्वतः रीत काढली. रांगेच्या डाव्या टोकाला चालत जायचं, पहिल्या क्रेटला हात लावायचा, मग मोजायला सुरुवात. वहीच्या डाव्या समासात मुलीने लाल रेघा मारून दिल्यात. गेले नऊ दिवस आकडा बरोबर येतोय. लिलावाचा गलका सुरू झाला की मात्र बाहेर येऊन बसतात, दोन आवाज अजून झेपत नाहीत. चिडणंही आहे. संध्याकाळी दमले की सगळं जास्त होतं, म्हणून दुपारी तासभर झोप ठरलेली.

अठरा हजार भरले नाहीत. अ‍ॅपचे पैसे पुढच्या वर्षी भरायचे नाहीत असं त्यांनीच मुलीला सांगितलं. पेज गेल्या आठवड्यात एकदा उतू गेली, आणि तेव्हा चुलीजवळ मी होते.

---

वाडीतला धाकटा | १९ ऑगस्ट, रात्री १०.२५

वहिनी, चहाच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय ते द्याल का? बाबांना घोटभर चहा स्वतःच्या हाताने करायची फार इच्छा असते. आमच्याकडे बाबांचे कान तपासून झाले, यंत्र आलं. देवळाच्या सभामंडपात आम्ही पाच म्हाताऱ्यांना घेऊन मंगळवार-शुक्रवार बसतो. इरल्यावरून दोघांचं भांडण झालं, पण पुढच्या वेळी दोघेही वेळेआधी हजर.

---

किनाऱ्यावरची | २० ऑगस्ट, सकाळी ६.१०

देते ना. त्यांनी सांगितलं तसंच उतरवलंय, त्यांच्या बोलीत:

लाल दोऱ्याक हात लाव.
टोपात दोन कप पाणी.
साखर दोन चमचे, चा पावडर एक.
गॅस पेटव. थंयच उभो रव.
घड्याळ वाजला काय दूध घाल.
वर इला काय गॅस बंद.
बटण फिरला काय नाय, हातान बघ.

तुमच्या बाबांचा कागद मात्र त्यांच्या शब्दांत करा, आमचा तसाच उतरवू नका. पहिले पंधरा दिवस शेजारून हलू नका. आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टाचा, आमचा पहिला वाफेने आणि पावसाळी हवेने महिनाभरात ओला होऊन शाई पसरली.